मकरपुऱ्यातला स्टेटर आणि इथला हेअरपिन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मोटर भरणाऱ्या, म्हणजे तिच्यात तांब्याची तार बसवणाऱ्या, कुठल्याही शेडमध्ये शिरा: टेबलावर आडवा ठेवलेला स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग), शेजारी फर्म्यावरून उतरवलेल्या कॉइली (तारेची वेटोळी), आणि स्लॉटच्या, म्हणजे स्टेटरच्या आतल्या खाचेच्या, अरुंद तोंडातून चार-चार तारा आत सरकवणारी बोटं. इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या परिसरात, विजेवरच्या गाड्यांच्या मोटरींचे स्टेटर तयार होतात, त्यात ही बोटं दिसत नाहीत. तार गोल नसते, चपटी असते, आणि ती स्लॉटच्या तोंडातून न जाता कोअरच्या, म्हणजे स्टेटरच्या लोखंडी गाभ्याच्या, एका टोकाकडून सरळ आत शिरते. केसांच्या आकड्यासारखा आकार म्हणून नाव हेअरपिन. स्लॉटला इथे ‘नूट’ म्हणतात, स्टँपिंगच्या (कोअरसाठी कापलेल्या पातळ पत्र्यांच्या) गठ्ठ्याला ‘ब्लेशपाकेट’, आणि ओव्हरहँगला (कोअरबाहेर राहिलेल्या तारेला) ‘विकेलकोप्फ’, म्हणजे वाइंडिंगचं डोकं. मकरपुऱ्यातल्या वाइंडरला हे तीन शब्द सांगितले, की उरलेलं चित्र पाहूनच कळेल.

कारण हिशेब तोच आहे. आपल्याकडे रोज भरली जाणारी ३६ स्लॉट, ४ पोल (चुंबकीय ध्रुव), तीन फेजची मोटर घ्या. चार पोल गुणिले तीन फेज म्हणजे १२; ३६ भागिले १२, म्हणजे दर पोलला प्रत्येक फेजचे ३ स्लॉट. पोल पिच, म्हणजे एका पोलपासून पुढच्या पोलपर्यंतचे स्लॉट, ९; एका पोलचे १८० विद्युत अंश धरले तर एका स्लॉटचे २०, म्हणून फेजची सुरुवात सहा-सहा स्लॉटनी: १, ७, १३. कॉइल १ ते १० टाकली तर पूर्ण पिच. १ ते ९ टाकली तर ओव्हरहँगचं तांबं वाचतं, पाचवा आणि सातवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट आणि सातपट असणाऱ्या नकोशा लहरी) दबतो, आणि त्याची किंमत म्हणून मूळ व्होल्टेज जेमतेम दीड टक्का घटतं. गाडीच्या मोटरीत नेहमी दिसणारी जोडी ४८ स्लॉट, ८ पोल अशी: फेजला २ स्लॉट, पोल पिच ६, फेजमधलं अंतर ४ स्लॉट. कागदावर हे दहावीच्या मुलालाही जमेल. अडचण पुढे आहे.

गोल तार कितीही नेटाने बसवली तरी तारांमध्ये पोकळी राहतेच. स्लॉटमधला इन्सुलेशनचा कागद, तारेवरचा इनॅमलचा (इन्सुलेशनचा) थर, पाचर धरून हाताने भरलेल्या स्लॉटमध्ये निव्वळ तांबं ४०-४५ टक्के बसतं. चपटी तार ते ७० टक्क्यांच्या आसपास नेते. मग सगळ्या मोटरी अशाच का करत नाहीत? कारण आपली मोटर ५० हर्ट्झवर चालते आणि गाडीची ८ पोल मोटर १२,००० आरपीएमला ८०० हर्ट्झवर. तांब्यात विद्युतप्रवाह किती खोलवर पसरतो ते वारंवारतेवर ठरतं: ५० हर्ट्झला सुमारे ९.३ मिलिमीटर, ८०० ला अवघे २.३. जाड पट्टीचा मधला भाग मग फुकट जातो, आणि एअर गॅपजवळची पट्टी सर्वांत जास्त तापते. म्हणून स्लॉटमध्ये चार जाड पट्ट्यांऐवजी सहा किंवा आठ पातळ पट्ट्या घालतात. पट्ट्या वाढल्या की त्यांची टोकं जोडणारे वेल्ड वाढतात, आणि वेल्ड वाढले की रात्रपाळीची झोप जाते.

स्टँपिंगचंही तसंच. साध्या मोटरीला ०.५० मिलिमीटरचा पत्रा चालतो. त्याच चुंबकीय घनतेला वारंवारता १६ पट झाली की भोवरी प्रवाहाचा (पत्र्यात गोल फिरून त्याला तापवणाऱ्या प्रवाहाचा) तोटा १६ च्या वर्गाने, म्हणजे २५६ पट वाढतो. पत्रा निम्म्या जाडीचा केला तर तोटा एक चतुर्थांश होतो, म्हणून इथे ०.२५ ते ०.३० चा पत्रा वापरतात. १०० मिलिमीटरच्या कोअरला २०० ऐवजी ४०० पत्रे लागतात. डाय (पत्रा कापणारा साचा) बोथट झाली आणि कडेला ०.०५ मिलिमीटरची बर (कापताना उरलेली धारदार कड) आली, तर जाड पत्र्यात ती दहावा हिस्सा असते, पातळ पत्र्यात पाचवा. बर शेजारच्या पत्र्याला टेकली की दोन पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलं, आणि स्लॉटच्या कडेला ती कागद कापते.

हाताने भरणारा कारागीर ही बर बोटाने ओळखतो. कानस फिरवतो, कागद जरा जाड घेतो, काम भागतं. मशीनला बोट नाही. ४८ स्लॉटमध्ये चार-चार पट्ट्या म्हणजे १९२ पाय, ९६ पिना, आणि त्या सगळ्या एका दमात आत ढकलल्या जातात. एका स्लॉटची कड धारदार असेल तर कागद तळाशी फाटतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून कागदाच्या टोकाला आधी नरसाळ्यासारखा कॉलर पाडतात आणि पिनेच्या टोकांना उतार देतात.

पण जास्त डोकेदुखी तांब्याची आहे. रिळावरून आलेली पट्टी आधी रोलरमधून सरळ केली जाते, दोन्ही टोकांचं इनॅमल लेझरने किंवा कटरने उतरवतात, मग तिला यू आकारात वाकवतात. वाकवलेलं तांबं थोडं मागे येतं, आणि किती येतं ते रिळागणिक बदलतं. सकाळी नवं रीळ लागलं आणि मशीनची सेटिंग तीच राहिली, तर पिनेचं टोक काही दशांश मिलिमीटर सरकतं. आत घालून झाल्यावर पायांना आळीपाळीने उलट दिशांना पीळ देतात, त्यात ही चूक आणखी फुगते, आणि शेवटी वेल्डसाठी जोडीने उभी राहायची दोन टोकं एकमेकांना टेकतच नाहीत.

वेल्ड लेझरने. तांबं हे लेझरचं वाईट गिऱ्हाईक: नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा बहुतेक प्रकाश थंड तांबं परत फेकतं, आणि एकदा वितळलं की एकदम जास्त शोषतं. त्यामुळे थेंब उडतात. हिरव्या लेझरने हा त्रास कमी होतो, पण तो महाग. तांबं ऑक्सिजनमुक्तच घ्यावं लागतं, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. इनॅमलचा कण टोकावर राहिला तर तो जळून कोळसा होतो आणि पुन्हा बुडबुडाच. इनॅमल फार खालपर्यंत सोललं तर ओव्हरहँगची उंची वाढते, कमी सोललं तर वेल्डची उष्णता खालचं इनॅमल भाजते. चांगला वेल्ड गोलसर मोत्यासारखा दिसतो.

कच्चा वेल्ड मोजून पकडता येईल, असं वाटतं. येत नाही. फेजचा रोध काही मिलिओहम. एका वेल्डने पडणारा फरक त्यात बुडून जातो, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने हलतो, आणि स्टेटर नुकताच वेल्डखालून आलेला असतो. म्हणून प्रत्येक वेल्डचा फोटो आणि प्रकाशाची नोंद ठेवतात. सर्ज टेस्ट, मेगर, हायपॉट या इन्सुलेशनच्या चाचण्या सगळ्या आपल्यासारख्याच. हायपॉटमध्ये ४१५ व्होल्टच्या मोटरीला दुप्पट अधिक १००० या सूत्राने १८३० व्होल्ट एक मिनिट, हे नव्या मोटरीचं गणित मकरपुऱ्यातही पाठ असतं. इथे ८०० व्होल्टच्या बॅटरीवर आंशिक डिस्चार्जची (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्यांची) चाचणी वाढते, कारण इन्व्हर्टरची (बॅटरीच्या डीसीची एसी करणाऱ्या उपकरणाची) झटकन चढणारी लाट पहिल्याच वेढ्यांवर आदळते.

वॉर्निशमध्ये बुडवून काढण्याऐवजी इथे गरम स्टेटर फिरवत त्याच्या डोक्यावर रेझिनची धार सोडतात. ते फटींमधून आपोआप आत ओढलं जातं. बडोद्याच्या पावसाळ्यात बुडवण्याआधी १०० अंशांवर दोन-तीन तास कोरडं न केल्यामुळे महिन्याभरात परत येणाऱ्या मोटरी आठवतात, त्यांचं कारण ओलावाच असतो. बुडवण्याची पद्धत बदलल्याने तो जात नाही.

हे काम शिकायला इथे साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण असतं, आठवड्याचे काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली तेव्हा शिक्षण आणि हाताचं काम एकत्र आणण्याचाच विचार होता, तेव्हा बडोदेकरांना ही कल्पना नवी वाटू नये.

आता मोटर भरणाऱ्या दुकानदारांसाठी. विजेवरच्या गाड्या बडोद्यातही येत आहेत, आणि एखादा जळका हेअरपिन स्टेटर शेडमध्ये येईलच. तो भरायला घेऊ नका. पीळ दिलेल्या पिना बाहेर काढता येत नाहीत, आणि जुन्या सवयीने जाळून सोडवायला गेलात तर ३७० अंशांच्या वर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं. पातळ पत्र्याचा कोअर मग निव्वळ भंगार. आधी इन्सुलेशनचा रोध, मग थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग), मग टर्मिनलचे बोल्ट पाहा. दोष तिथे असेल तर काम आहे, नसेल तर तांब्याचं वजन करून किंमत सांगा.