अगं, वर ये!

परवा दुपारी मेथी निवडत बसले होते. मुलाच्या मोबाइलवर एकामागून एक गाणी चालू होती, आणि मध्येच तीन बायका गायला लागल्या. गळे तीन, श्वास जणू एकच. अँड्रूज सिस्टर्स. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सख्ख्या बहिणी. बाप ग्रीक, आई नॉर्वेजियन वंशाची, आणि १९३७ मध्ये ज्या गाण्यानं त्यांचं नाव झालं ते मुळात यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं. गाण्याला सोयरसुतक नसतं म्हणायचं!

धाकटी पॅटी मुख्य गायची, मधली मॅक्सीन वरच्या सुरात, आणि थोरली लाव्हर्न खालच्या. मी लाव्हर्नला पकडायला जाते आणि कान पळतो पॅटीकडे. तीनदा लावून पाहिलं. मेथी तशीच.

नाशिकच्या तांबट लेनमधल्या आमच्या जुन्या घरी गणपतीत तीन आत्या अशाच ओळीनं उभ्या राहायच्या. पट्टीबिट्टी काही नाही, थोरली जिथून सुरू करेल ती पट्टी. धाकटी तिच्याही वर चढायची, गळ्याच्या शिरा फुगवून. मधली मात्र खाली उतरायची. चुकून नव्हे, दरवर्षी, नेमकी त्याच जागी. विठ्ठलाच्या आरतीत सगळे दम संपेपर्यंत ओढतात ना, तिथं ती खालीच थांबायची, आणि आमच्या त्या अरुंद घराला कुठूनतरी आणखी एक खोली निघाल्यासारखं वाटायचं. आजी ताम्हन धरल्याधरल्या ओरडायची, "अगं, वर ये वर! विहिरीत काय उतरतेस?" सगळे हसायचे. मीही.

आपल्याकडे पन्नास माणसं आरतीला उभी राहिली तरी सूर एकच लागायला हवा. वेगळा लावला की बेसूर. (खरे बेसूर ते मोठ्यानं गाणारे काका असतात, पण त्यांना कोण बोलणार?) एका वर्षी मधल्या आत्यानं हातात झांज घेतली. मग दरवर्षी झांजच.

लाव्हर्नला कुणी वर बोलावलं नसावं. तिघींत नोटेशन वाचता यायचं ते तिला एकटीला. १९५३ मध्ये पॅटी स्वतंत्र गायला निघून गेली, १९५६ मध्ये परत आली, तिघी पुन्हा गायल्या. १९६७ मध्ये लाव्हर्न कॅन्सरनं गेली. तिच्या जागी दुसरी गायिका उभी करून पाहिली, पण ते फार दिवस चाललं नाही. मुख्य गाणारी तर होतीच की.

आत्या आता पंचवटीत लेकीकडे असते, ऐंशीच्या पुढची. त्याच संध्याकाळी मेथीची पिशवी घेऊन गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, तशीच तिच्याकडे गेले. मोबाइल तिच्या कानाशी धरला. एरवी टीव्हीसमोर पाच मिनिटांत डुलक्या काढणारी बाई डोळे मिटून पुरतं गाणं ऐकत राहिली.

"ही खालची कोण गं?"

पहिल्याच खेपेला.

"थोरली."

"थोरली?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच कुठेतरी चुकीचं ऐकून आलेय. मग पिशवीत हात घालून म्हणाली, "आणि ही जुडी अर्धीच का निवडलीस?"