जर्मेनियम फझ, नोंद ४ : शिट्टीचा पाठलाग

मागच्या नोंदीत माझा फझ, म्हणजे गिटारचा आवाज चुरगाळून खरखरीत करणारं घरी बनवलेलं पेडल, वाजला म्हणून मी खुशीत होतो. ती खुशी त्याच दिवशी रात्री साडेदहापर्यंत टिकली. घरचे झोपले, पंखा बंद केला आणि अँपमधून, डास कानाशी यावा तशी बारीक शिट्टी ऐकू आली. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, तरी शिट्टी तशीच. म्हणजे गिटारच्या पिकअपचा (तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा) दोष नाही, आवाज सप्लायमधूनच येतोय.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: यात दोन एसी १२८ ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे पीएनपी (उणे सप्लायवर चालणारे) जर्मेनियम. जुन्या पद्धतीने जोडलं की ग्राउंड पॉझिटिव्ह होतं. असं पेडल बाकीच्यांबरोबर डेझी चेनवर (एकाच सप्लायवरून सगळ्या पेडलांना वीज देणाऱ्या वायरीवर) लावलं की अ‍ॅडॉप्टर सरळ शॉर्ट. म्हणून अधिक नऊ व्होल्टचे उणे नऊ करून देणारा चार्ज पंप घातला. पंप म्हणजे आपला रहाटच. एक कपॅसिटर सप्लायवर भरायचा, उलटा करून आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. प्रत्येक गाडगं रिकामं होताना पाणी हलतं, तसा व्होल्टेजला बारीक हिसका बसतो. आपल्याला ऐकू येते ती या हिसक्यांची रांग.

पंपासाठी मी साधी ७६६० ही आयसी लावली होती. डेटाशीटमध्ये ऑसिलेटर (आतल्या स्विचना ठोका देणारा भाग) १० किलोहर्ट्झ लिहिलेला असतो, आणि मी मनाशी म्हटलं होतं, दहा हजारांचं गिटारच्या स्पीकरमधून काय ऐकू येणार? इथेच फसलो. आत ऑसिलेटरच्या वेगाला दोनने भागलं जातं आणि स्विच त्याच्या निम्म्या वेगाने हलतात. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये टोक दिसलं ते ५ किलोहर्ट्झच्या किंचित खाली. बारा इंची स्पीकर तिथवर व्यवस्थित वाजतो, कानही तिथे फार तिखट असतो.

उपाय सगळ्यांना माहीत असलेला: ७६६०एस आणायची आणि पिन १ पिन ८ला जोडायची. हा बूस्ट. ऑसिलेटर ३५ किलोहर्ट्झवर जातो, म्हणजे स्विचिंग साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास. शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन दोन घेऊन आलो. बसवल्या. शिट्टी जशीच्या तशी.

तासभर मी माझं सोल्डरिंगच तपासत होतो. मग मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवला, लाल प्रोब पिन २वर, काळी ग्राउंडला. आकडा ४.८ किलोहर्ट्झ. पिन १ची तार काढली, ४.८. परत लावली, ४.८. म्हणजे वर ‘एस’ छापलेलं, पण आत बूस्टच नाही. दुसरी आयसीही तशीच निघाली. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, “साहेब, पीस तर चालू आहे ना?” चालू तर होतीच. तेव्हापासून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडून पाहायच्या फळीवर) पिन २चा आकडा पाहिल्याशिवाय मी एकही पंप सोल्डर करत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

मग त्याच कामाच्या टीसी १०४४एस आयसी मागवल्या. बूस्टवर ऑसिलेटर ४५, स्विचिंग साडेबावीस. सप्लाय १२ व्होल्टपर्यंत चालतो, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. साधी ७६६० आणि तिच्यासारखीच मॅक्स १०४४ यांची मर्यादा १० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या अ‍ॅडॉप्टरवर ९ लिहिलेलं असतं, पण लोड नसताना तो १२-१३ सहज दाखवतो. असल्या अ‍ॅडॉप्टरवर मी गेल्या वर्षी एक मॅक्स जाळली आहे. आणि हो, ९ व्होल्टवर पिन ६ मोकळीच ठेवायची. ती साडेतीन व्होल्टच्या खालच्या सप्लायसाठी आहे.

टीसी लागताच डास मेला. पण ब्रेडबोर्डवर ‘मेला’ आणि डब्यात ‘मेला’ यांत फरक असतो. डब्यात बसवल्यावर फझचा नॉब पूर्ण उघडला की अगदी पुसट किणकिण होतीच. कारण शोधता शोधता माझाच आळस सापडला. पंपाचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मी आयसीपासून दोन इंचांवर लावला होता, आणि पंपाचं ग्राउंड इनपुट जॅकच्या ग्राउंडवरून फिरवून आणलं होतं. पंप ज्या वाटेने करंटचे हिसके ओढतो, तीच वाट गिटारच्या सिग्नलला दिली तर दुसरं काय होणार! कपॅसिटर आयसीला चिकटवले, पंपाचं ग्राउंड थेट डीसी जॅकवर नेलं. उणे नऊच्या वाटेत १०० ओहम आणि पुढे १०० मायक्रोफॅरड घातला. या जोडीची कट-ऑफ १६ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे त्यावरचे हिसके दबत जातात. फझ एक-दीड मिलीअँपच घेतो, त्यामुळे रेझिस्टरवर फार तर ०.१५ व्होल्ट पडतात. कपॅसिटरचं प्लस टोक मात्र ग्राउंडकडे. उणे सप्लायवर सवयीने उलटा लावला तर तो आधी गरम होतो आणि मग फुगतो. मी बोट लावून पाहिलंय, तुम्ही नका पाहू.

डबा बंद केला, पेडलबोर्डवर ठेवला आणि पुन्हा शिट्टी! या वेळी जाड, दीड-दोन किलोहर्ट्झची, आणि सूर हळूहळू सरकणारा. गंमत म्हणजे बॅटरीवर लावलं की पूर्ण शांत.

चेनवर शेजारी माझा, क्लॉन या पेडलच्या धर्तीवरचा ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारं दुसरं पेडल) आहे. त्यातही पंप आहे आणि मीच त्याच पट्टीतली दुसरी टीसी त्यात घातली होती. पेडल बायपास असलं तरी पंप चालूच राहतो. एक साडेबावीसवर, दुसरा समजा एकवीसवर, दोन्ही एकाच वायरीवर. वेगवेगळे ते कुणालाच ऐकू येत नाहीत, पण फझ हे वाकडं यंत्र आहे. जे आत येईल ते चुरगाळून त्यांची वजाबाकी बाहेर काढतं. खात्रीसाठी ओव्हरड्राइव्हचं झाकण उघडून आयसीवर बोट दाबून धरलं. बोटाच्या उबेने ऑसिलेटर सरकला आणि शिट्टी मींड घेतल्यासारखी खाली उतरली. बायकोला हाक मारून दाखवलं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

ओव्हरड्राइव्हमध्ये एलटी १०५४ ही आणखी एक पंपाची आयसी लावून पाहिली. चिप दणकट आहे, १५ व्होल्ट आणि १०० मिलीअँपपर्यंत, चाल २५ किलोहर्ट्झ. पण तिच्या पिन १चं काम वेगळं आहे, ती ग्राउंड झाली तर चिप झोपते. म्हणून सॉकेटमध्ये ती पिन वाकवून बाहेर ठेवली. ती स्वतःच अडीच मिलीअँप खाते, तेव्हा बॅटरीवाल्यांनी विचार करावा. निकाल? शिट्टीचा सूर बदलला, शिट्टी राहिली. दुसरं काय होणार, वजाबाकीतला एक आकडा बदलला एवढंच.

शेवटी कामाला आलं ते इनपुटचं फिल्टर. दोन्ही पेडलांत डीसी जॅकनंतर लगेच ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड, म्हणजे पंपाचे हिसके चेनवर जाणारही नाहीत आणि तिथून येणारही नाहीत. एका पेडलात घातल्यावर शिट्टी निम्मी झाली, दुसऱ्यात घातल्यावर गेली. ओव्हरड्राइव्हमध्ये परत टीसीच बसवली आणि एलटी डबीत ठेवून दिली.

आता उरलाय तो फुसफुसाट. तो पंपाचा नाही, एसी १२८चाच आहे. बॅटरीवरही तेवढाच येतो.