दांडीवरचे ३३ किलो

काकती मागं टाकून वंटमुरीच्या उताराला लागलो आणि उजवीकडून एक लक्झरी बस भर्रकन पुढं निघाली. तिच्या वाऱ्यानं कारमागं ओढत आणलेली आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, आधी डावीकडं ढकलली गेली, मग बसच्या अंगाला ओढली गेली. इथवर ठीक. पण बस पुढं निघून गेली तरी ही बया थांबेना. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. एकदा या आरशात दिसायची, एकदा त्या. वेग ८०. शेजारी बसलेल्या बायकोनं दरवाजावरचं हँडल घट्ट धरलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. एरवी ती मला गाडी कशी चालवायची ते सांगत असते, त्यामुळे तिचं गप्प बसणं मला बसपेक्षा जास्त भिववून गेलं.

अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नसतं. ओढून सरळ करू म्हणून ॲक्सिलरेटरही दाबायचा नसतो. पाय अलगद काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि गाडीला तिच्या मनानं हळू होऊ द्यायचं. हे मी वाचलेलं होतं, पण पायाला ते कळायला तीनचार सेकंद लागले. काटा ५०च्या खाली आला तेव्हा डोलणं थांबलं.

कॅरॅव्हॅन सेकंडहँड आहे. एका एक्सलची, दोन चाकांची. आत दोघांपुरता पलंग, छोटा ओटा, एक कपाट. बनवणाऱ्यानं लावलेल्या पत्र्यावर रिकामं वजन ६५० किलो असं कोरलंय. आधीच्या मालकानं त्यात प्लायवूडचं कपाट आणि इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी चढवली. अशी एक बॅटरीच ५५-६० किलो भरते. तरी दोन वर्षं आम्ही तो पत्रा वेदवाक्य मानून फिरलो. या खेपेला निपाणीला मामांकडं निघालो होतो. मामीसाठी बेळगाव बासमतीचं २५ किलोचं पोतं आणि पाण्याचे २० लिटरचे दोन जार, सगळं मागच्या दारातून चढवलं. दार मागं, म्हणून सामानही मागं. स्टेपनी तर बनवणाऱ्यानंच मागच्या भिंतीवर टांगलेली.

हत्तरगीचा टोल नाका ६०च्या वेगानं, तोंड लपवत पार केला. संकेश्वरच्या अलीकडं रस्त्याकडेला एक खासगी वजनकाटा दिसला आणि मी इंडिकेटर दिला.

गळीत हंगामात या पट्ट्यात अशा काट्यांना उसंत नसते. कारखान्याच्या काट्यावर भरवसा नाही, ही ऊसवाल्यांची जुनी तक्रार. त्यामुळे कुणी कुणी आधी बाहेर वजन करून पावती खिशात ठेवतो आणि मगच कारखान्याच्या फाटकात शिरतो. आमच्या पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचे चार ट्रॅक्टर उभे होते. पाचरट वाऱ्यावर उडत होतं आणि एका ट्रॅक्टरवर टेप फुल आवाजात चालू होता. आमची पांढरी कॅरॅव्हॅन त्या रांगेत लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखी दिसत होती.

खिडकीतल्या पोरानं विचारलं, “काय माल?”

“माल नाही. हिचंच वजन करायचंय.”

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. मग त्याला मी सांगितलं ते असं: आधी फक्त कार काट्यावर घे, कॅरॅव्हॅन हुकाला जोडलेलीच असू दे, पण तिची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर राहू देत. त्यानंतर कॅरॅव्हॅन सोडून एकट्या कारचं वजन कर. दोन आकड्यांत जो फरक येईल तो दांडीवरचा भार, म्हणजे कॅरॅव्हॅनची दांडी कारच्या हुकावर किती किलोनं बसलीय तो; तो कमी पडला की कॅरॅव्हॅन डोलायला लागते. मग कॅरॅव्हॅन एकटी. पोरगं हुशार, पहिल्या झटक्यात समजलं. हमालानं मागं उभं राहून “बरली, बरली, बरली…” (कन्नडमध्ये ‘येऊ दे’) करत मला इंचाइंचानं घेतलं आणि “साकु!”, बास, म्हणत पत्र्यावर थाप मारली.

पहिला आकडा २१३०. मग खाली उतरून, दांडीखालचा छोट्या चाकाचा जॅक फिरवून दांडी सोडली, कार एकटी काट्यावर नेली. २१५०. म्हणजे दांडीचा भार उणे २० किलो! कॅरॅव्हॅन कारला वर उचलतेय असा त्याचा अर्थ. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, मी काट्याकडं. चूक हिनं शोधली. पहिल्या वजनाला ती लाल आकडे बघायला खिडकीपाशी जाऊन उभी होती, दुसऱ्याला गाडीत बसलेली होती. पुन्हा जोडणी, पुन्हा रांग. दोघंही गाडीत बसल्यावर २१८०. हिचं वजन इथं लिहायचं नाही असा हुकूम आहे. वजाबाकी ज्याची त्यानं करावी.

तर २१८० आणि २१५०. फरक ३०. कॅरॅव्हॅन एकटी ८४०. दोन्ही मिळून २९९० व्हायला पाहिजेत म्हणून सगळंच एकदम काट्यावर घेतलं, तर बरोबर २९९०. पत्र्यावरचे ६५० कुठं आणि हे ८४० कुठं. युरोपात ७५०च्या वर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा असतो. आमचीला, ती मागून कारवर रेटली की आपोआप लागणारा ब्रेक आहे, एवढंच नशीब.

आमच्या मागच्या ट्रॅक्टरबरोबर एक म्हातारे शेतकरी आले होते, धोतर, टोपी, दंडावर काळा दोरा. त्यांनी हा सगळा तमाशा शांतपणे बघितला होता. मी दांडी पुन्हा हुकावर घेणार तेवढ्यात ते पुढं आले.

“थांबा जरा.”

धोतराचा काष्टा खोवला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि वीतभर उचलली. जॅकचं चाक जमिनीपासून सुटलं. तशीच धरून त्यांनी ती दोनदा खालीवर केली, भाजीवाल्याकडं दुधी जोखून बघतात तशी, आणि खाली ठेवली.

“सत्तरीचा मानूस मी. मला उचलती व्हय ही? मागं लई भरलाय. उलाळ गाडी हाय ही, साहेब.”

उलाळ! हा शब्द मी तीसेक वर्षांनी ऐकला. आजोळी आजोबा बैलगाडीत शेणखत भरायचे, तेव्हा बैल जुंपायच्या आधी जू खांद्यावर घेऊन बघायचे. हलकं लागलं तर मागच्या दोन पाट्या पुढं टाकायला सांगायचे, कारण गाडी उलाळ झाली की मागं कलंडते, जू वर उठतं आणि गळ्यातल्या पट्ट्यांनी बैलांचा जीव घुसमटतो. फार जड लागलं तर उलट, कारण मग बैलांचे खांदे सुजतात. किती किलो हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. मी मात्र इंग्रजीतून टक्केवाऱ्या पाठ करून बसलो होतो: अमेरिकेतले लोक म्हणतात, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर पाहिजे, युरोपातले ५ ते ७ टक्क्यांवर समाधानी असतात. जर्मनीत कॅरॅव्हॅन ओढताना साधारण वेगमर्यादाच ८० आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. आमचे ८४०पैकी ३० म्हणजे साडेतीन टक्के. कुठल्याच देशात बसत नव्हते.

आणि ते ३०सुद्धा खरे कशावरून? हा ६० टनी काटा १० किलोच्या पायरीनं आकडा दाखवतो. उसाच्या ट्रॉलीला १० किलो इकडंतिकडं झाले तर एका मोळीचा फरक. आमच्या दांडीला तोच तिसरा हिस्सा. दोन वजनांची वजाबाकी करायची म्हटल्यावर २० असतील, ४०ही असतील. एकूण वजनाला हा काटा झकास, दांडीला नव्हे.

तवंदीचा घाट ४०च्या वेगानं उतरलो. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मामांची निपाणीत तंबाखूची छोटी वखार आहे. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ याच हायवेवर आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन त्यांतले काही मारले गेले; मामा तेव्हा विशीतले, त्या गर्दीत होते. “तवा भाव मागाय बसलो, आता भाव सांगाय बसतोय,” असं ते स्वतःच म्हणतात आणि विषय बदलतात. वखारीत पाऊल टाकलं की आधी घसा धरतो, मग शिंका सुरू होतात, आणि चारदोन शिंका झाल्यावर नजरेला पडतो तो प्लॅटफॉर्म काटा. ३०० किलोचा, ५० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मला तोच पाहिजे होता.

वखारीसमोरची फरशी सपाट. चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. मामेभावानं उत्साहानं काटा ओढत आणून सरळ जॅकच्या चाकाखाली सरकवला. आकडा आला ३७.१.

“झालं की दाजी!”

झालं नव्हतं. भार हुकावर किती येतो ते बघायचं, आणि जॅकचं चाक हुकाच्या ३० सेंटीमीटर मागं, एक्सलच्या जवळ. एक्सलपासून हुक ३०० सेंटीमीटरवर, चाक २७०वर. जवळ टेकवलं की काट्यावर जास्त भार दिसतो. शिवाय दांडी जुंपल्यावर जेवढ्या उंचीला असते तेवढ्याच उंचीला ठेवून मोजायला पाहिजे. नाक वर असलं किंवा खाली असलं तर आकडा बदलतो. आमच्या हुकाची उंची ४२ सेंटीमीटर, काट्याची जाडी १२. मामांनी वखारीतून लाकडाचा ठोकळा काढला, करवतीनं ३०वर कापला, दांडीच्या कपलिंगखाली, म्हणजे हुकावर बसणाऱ्या टोकाखाली, उभा केला. मी जॅक हळूहळू वर घेतला, चाक फरशीपासून सुटलं आणि सगळा भार ठोकळ्यावर उतरला. आकडे जरा नाचले आणि थांबले.

३३.४.

मामा म्हणाले, “आता काय, तंबाखूसारखं पुढचं पान मागं, मागचं पान पुढं?”

तसंच. कारच्या हुकावरच्या पत्र्यानुसार ७५ किलोच्या वर भार देता येत नाही, त्यामुळे अमेरिकेचे १० टक्के आम्हाला परवडणारे नव्हते. उगाच जड केलं तर कारचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग लोण्यातून फिरवल्यासारखं लागतं. साठीच्या आसपास आणायचं ठरवलं. पाण्याचे दोन जार, ४० किलो, एक्सलच्या मागं १३० सेंटीमीटरवर होते. ते एक्सलच्या पुढं २० सेंटीमीटरवर आणले. दीड मीटर सरकले, म्हणजे ४० गुणिले १५० भागिले ३००, दांडीवर २० किलो वाढले. तांदळाचं पोतं १२० मागं होतं. ते मामीनं तेवढ्यात उतरवून घेतलं, म्हणजे मागचा तेवढा भार गेला आणि दांडीवर आणखी १० आले. कागदावर बेरीज ६३.४. काट्यावर आले ६२.६. उरलेल्या ८०० ग्रॅमचा हिशेब मला अजून लागलेला नाही. मामेभावाचं म्हणणं, माझ्या शिंकेनं गेले असतील.

एकूण वजन आता ८१५, म्हणजे दांडीवर पावणेआठ टक्के. स्टेपनी पुढच्या दांडीवर आणायचं काम वेल्डिंगवाल्याकडचं, ते राहिलंय.

दुसऱ्या दिवशी निघताना मामीनं गुळाच्या दहा-दहा किलोच्या दोन ढेपी बाहेर आणल्या. नको म्हणायची सोय नव्हती. मी मागचं दार उघडून उभा राहिलो, तर हिनं ढेपी माझ्या हातातून काढून घेतल्या, आत गेली आणि बरोबर चाकांच्या वर, पलंगाखाली ठेवून आली. तिथं ठेवल्यावर दांडीला काही कळत नाही. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

तवंदी चढून कणगल्याच्या सपाटीला लागलो. ७० वर होतो. आरशात एक स्लीपर बस मोठी मोठी होत आली, अंगावर आल्यासारखी बाजूला आली आणि पुढं गेली. कॅरॅव्हॅननं खांदा एकदा उडवला आणि पुन्हा सरळ मागून यायला लागली. मी हिच्याकडं बघितलं. तिच्या मांडीवर कागद पसरलेला, त्यात भाजक्या शेंगांची टरफलं.

“घेणार?” तिनं विचारलं.