तलावपाळी ते मोत माउली, पायी

ठाण्याच्या तलावपाळीवरून बांद्र्याच्या मोत माउलीपर्यंत, म्हणजे माउंट मेरी चर्चपर्यंत, चालत साधारण 25-26 किलोमीटर पडतात. माउली म्हणजे येशूची आई मारिया, तिचा जन्मदिवस 8 सप्टेंबरचा. त्यानंतरच्या रविवारी जत्रा लागते ती आठवडाभर चालते. आम्ही रविवार टाळतो, कारण त्या दिवशी हिल रोडवर चालणं कमी आणि उभं राहणंच जास्त. मधला वार बरा. पहाटे साडेतीनला मसुंदा तलावाकाठच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चपाशी जमायचं, चारला निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत कुर्ला गाठता येतं.

कोण आलं नाही हे साडेतीनलाच कळतं. ‘पाण्याचा टेम्पो माझ्याकडे लागला’ म्हणणाऱ्याचा फोन बंद, ‘आपण दोघी बरोबरच चालू’ म्हणणारी झोपलेली. मग तीन हात नाक्यापर्यंत जपमाळ राहते बाजूला आणि त्यांचीच उजळणी चालते. म्हणून आता नियमच केलाय: प्रत्येकाने आपलं लिटरभर पाणी आपल्याच पाठीवर घ्यायचं. टेम्पो आला तर वरकड. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरमध्ये ढवळलं की द्रावण दाट होतं, तहान वाढते आणि भांडुपला मळमळायला लागतं. नवे बूट घालायचेच नाहीत. सुती मोजे घामाने आणि पावसाने ओले राहतात, टाचेला घासतात आणि फोड येतो. घाटकोपरला मोज्यांची जोडी बदलायची आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन लावायचं.

न आलेल्याबद्दल बोलायचंच असेल तर याच ठाण्याची एक गोष्ट आठवावी. 1321 सालच्या एप्रिलमध्ये इथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार धर्मबंधू मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस त्यांतला एक. ते ज्या घरी उतरले होते तिथल्या नवरा-बायकोच्या भांडणात त्यांना काझीपुढे साक्षीला बोलावलं आणि प्रकरण धर्माच्या वादावर गेलं. त्यांचा सोबती जॉर्डन तेव्हा भडोचकडे निघालेला होता. कळल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. तो ‘नव्हता’, पण त्याने पाठ फिरवली नव्हती. माणूस येऊ शकला नाही की आलाच नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायच्या आधीच निकाल लावला तर पुढची सगळी क्षमा चुकीच्या गुन्ह्याची होते.

चेकनाक्यापासून एलबीएस मार्ग धरला की जपमाळ सुरू. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या एका माळेत ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना सहा वेळा येते. कुर्ल्यापर्यंत चारही रहस्यांच्या (येशू-मारियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या चार गटांच्या) माळा झाल्या तर 24 वेळा. प्रत्येक वेळी तीच ओळ येते, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले तशी आमची ऋणे सोड’, आणि प्रत्येक वेळी ती अडते. मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:12) तिथे शब्द आहे ‘ऋण’. लूककडे (11:4) ‘पापे’ आहेत, पण आपण ज्याला सोडायचं तो तिथेही ऋणीच. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, उधारीची वही घरोघरी असते. सोडायचं म्हणजे वहीतली ओळ कापायची. ती ओळ नव्हतीच असं म्हणायचं नाही. आपला गोंधळ नेमका इथे होतो: ‘जाऊ दे, काही झालंच नाही’ म्हणतो आणि महिनाभराने तेच उकरून काढतो. आधी रक्कम स्पष्ट लिहावी. काय म्हणाला होता, काय केलं, आपलं नेमकं काय बुडालं.

रक्कम लिहिली की येशूने सांगितलेल्या कर्जदार चाकराच्या दाखल्यातला हिशोबही कळतो (मत्तय 18). एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. एका तालंताचे साधारण 6000 दीनार धरले तर राजाने चाकराला सोडलेले 10,000 तालंत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. तेवढं सुटलेला माणूस बाहेर येऊन सोबतीचा गळा धरतो तो 100 दीनारांसाठी. पण 100 दीनार क्षुल्लक नाहीत, तो सव्वातीन महिन्यांचा पगार आहे. दुखणाऱ्याला ‘एवढंसं तर आहे’ असं तो दाखला कुठेच म्हणत नाही.

त्याच अध्यायात (18:15-17) क्रम दिलाय: आधी दोघांत एकट्याने सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना ने, मग मंडळीला सांग. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरू करतो, तेही पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पहिली पायरी राहून गेली की समोरच्याला कबूल करायला आडोसाच उरत नाही, तो भांडायलाच उभा राहतो.

आणि क्षमा केली म्हणजे किल्ल्या परत द्यायच्या असं नाही. पौल आणि बर्णबा या प्रेषितांच्या प्रचारफेरीत त्यांचा सोबती मार्क पंफुल्या प्रांतातून, अर्ध्या वाटेवरून परतला, म्हणून पुढच्या फेरीला पौलाने त्याला घेतलं नाही. त्यावरून बर्णबाशी फाटलं, बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला (सायप्रसला) गेला. पुढे पौलच आपला शिष्य तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. मधली वर्षं कुणी वाया गेली म्हणू नये. टेम्पोवाल्यालाही पुढच्या वर्षी आम्ही आधी केळी आणायला सांगतो. मारहाण किंवा पैशाची फसवणूक असेल तर क्षमाही करावी आणि तक्रारही नोंदवावी. दोन्ही एकाच माणसाला करता येतात.

कुर्ल्याहून कलिना, बांद्रा पूर्व, स्टेशनचा पूल ओलांडून हिल रोड. शेवटचा चढ छोटा आहे, पण पोटऱ्या इथेच वळतात. पावलं लहान टाकावीत. दुकानांत माउलीला नवसाचे वाहायला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. हात घ्यायचा तर वरच घ्यावा, ठाण्याहून आणलेला पिशवीत मऊ पडतो आणि करंगळी मोडते. माउलीच्या मूर्तीचाही उजवा हात लुटारूंनी तोडला होता अशी परंपरा आहे. मोडक्या बोटाचा हात म्हणून कुणी परत पाठवत नाही.

अर्पण करण्याआधी मत्तय 5:23-24 आडवं येतं: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान वेदीपुढे ठेव आणि आधी जा. इथे उलटी बाजू आहे, आपण ज्याचं देणं लागतो तो. रांगेत तासभर मिळतोच. हात सावलीत धरावा आणि फोन लावावा. नाही उचलला तर एकच मेसेज, ‘तू’ने सुरू होणारं वाक्य न लिहिता. परतीला बांद्र्याहून दादर, तिथून ठाणे लोकल. बूट काढून ठेवायला सैल चपला पिशवीत हव्यातच.