विश्वामित्रीचा गाळ आणि माझे वाया गेलेले अठरा तास

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा गाळ घेतला, त्यात पीएएच शोधायचे होते, म्हणजे डिझेल, कोळसा, कचरा अर्धवट जळला की तयार होतात ती संयुगं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून नदी चालत जाण्याएवढी जवळ, त्यामुळे विषय मनापासून हवा होता. मगरी असल्याने काठावर उतरायचं नाही, पुलावरूनच दोरीने ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा जबडा, सोडला. बाटली तपकिरी काचेची, प्लॅस्टिक अजिबात नाही, त्यातले थॅलेट्स (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) थेट मशीनमध्ये दिसतात.

10 ग्रॅम गाळात 10 ग्रॅम कोरडं सोडियम सल्फेट घालून वाळूसारखा सुटा होईपर्यंत खलायचं, कारण ओल्या गाळात हेक्झेन, म्हणजे पीएएच विरघळवून बाहेर काढणारं द्रावक, शिरतच नाही. मग सरोगेट टाकायचं, म्हणजे पीएएचसारखंच वागणारं, मोजून घातलेलं संयुग, शेवटी ते किती उरलं त्यावरून वाटेत किती गेलं ते कळतं (हे आधीच टाकायचं, नंतर टाकून काही कळत नाही!) आणि गाळ भरलेली थिंबल (कागदी नळी) सॉक्सलेटमध्ये, त्यात द्रावक उकळतं, थंड होतं आणि पुन्हा पुन्हा गाळातून जातं, हेक्झेन-ॲसिटोन निम्मं निम्मं, तासाला चार-पाच सायकल, असे 18 तास. त्यात मे महिना, गच्चीवरच्या टाकीचं पाणी एवढं गरम की कंडेन्सर थंडच होईना, शेवटी लॅबमधल्या काकांनी बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने पाणी फिरवलं, रात्रभर आम्ही दोघं बर्फ टाकत बसलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गाळाला सडक्या अंड्यांचा वास होता, म्हणजे गंधक, त्यासाठी अर्कात तांब्याचा कीस टाकला तर तो बघता बघता काळा पडला. पुढे अर्क साफ करायला सिलिका जेलचा कॉलम, तो नीट झाला.

चूक झाली ती शेवटी. नायट्रोजनच्या झोताखाली अर्क 1 मिलीपर्यंत आटवायचा होता, मी फोन घ्यायला बाहेर गेले आणि परत येईपर्यंत ट्यूब कोरडी. हेक्झेन घालून परत 1 मिली केलं आणि वाटलं चालेल. रिझल्टमध्ये क्रायसीनच्या (हे जड पीएएच) सरोगेटची रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं परत मिळालेलं, 86 टक्के, नॅफ्थलीनची 11. कपाटातली डांबरगोळी कशी आपोआप झिजत जाते, तेच नॅफ्थलीन, दोनच रिंगांचं, नायट्रोजनबरोबर उडून गेलं.

खूप रडू आलं, पण सर म्हणाले, "अगं, सरोगेट होतं म्हणून कळलं तरी, गाळ शिल्लक आहे ना, पुन्हा कर." पुन्हा 18 तास, पुन्हा बर्फ. यावेळी आटवण्याआधी थोडं आयसोऑक्टेन घातलं, ते हेक्झेनपेक्षा हळू उडतं, नायट्रोजन अगदी हळू ठेवला आणि ट्यूबसमोरून उठले नाही. नॅफ्थलीन 68 टक्के आलं.