स्टार काढले, पण आधी प्रत्यय सांभाळले

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात जुन्या मासिकांची अडीच लाख पानं स्कॅन करून ओसीआर केलेली, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकुरात बदललेली आहेत. त्यांच्या शोधाचं काम माझ्याकडे. ‘गायकवाड’ लिहिलं की उत्तर यायला चार-पाच सेकंद लागत. ग्रंथपालकाका कधी तक्रार करत नसत, पण समोर सभासद उभा असला की संगणक सोडून सरळ कपाटाकडे जात. ते मला फार लागायचं.

आधी मी यंत्राच्या मागे लागलो. ८ जीबी रॅमपैकी ६ जीबी इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरच्या हीपला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या राखीव मेमरीला, दिलेली होती. ती निम्म्यावर आणली. त्याच्या आतलं शोधयंत्र ल्युसीन इंडेक्सच्या (शब्दसूचीच्या) फाइली ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून वाचतं, त्यासाठी रॅम मोकळी लागते. सातव्या आवृत्तीपूर्वी इंडेक्सचे आपोआप ५ शार्ड (वेगवेगळे भाग) पडत, तसे आमचेही पडले होते. एवढ्या मजकुराला एक पुरतो. फरक पडला, पण सेकंदभराचाच.

मग क्वेरीचं प्रोफाइल काढलं, म्हणजे शोधाच्या कोणत्या पायरीला किती वेळ लागतो ते पाहिलं. जवळजवळ सगळा वेळ एकाच गोष्टीत जात होता: प्रत्येक शब्दाच्या मागेपुढे लावलेले स्टार (*), म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ अशी खूण. इंडेक्समधले शब्द कोशासारखे क्रमाने लावलेले असतात. पहिलं अक्षरच दिलं नाही तर सगळा कोश चाळावा लागतो, आणि ओसीआरच्या चुकांनी आमचा कोश भलताच फुगलेला.

पण ते स्टार उगीच लावलेले नव्हते. ‘गायकवाड’ शोधणाऱ्याला ‘गायकवाडांनी’ही हवं असतं. हिंदी-बंगालीसाठी इलॅस्टिकसर्चमध्ये भाषेप्रमाणे शब्दांवर प्रक्रिया करणारे तयार अॅनालायझर आहेत, मराठीसाठी नाही. म्हणून शब्दाचे सुरुवातीपासूनचे तुकडे, म्हणजे एज एन-ग्रॅम, इंडेक्स करतानाच साठवायचे ठरवलं. इंडेक्स बराच मोठा झाला, ते मी मान्य केलं.

पहिल्या दिवशी ‘इतिहास’ शोधलं तर ‘इतिश्री’ची पानं वर आली! शोधलेल्या शब्दाचेही तुकडे पडत होते. शोधासाठी वेगळा, तुकडे न करणारा अॅनालायझर लावला तेव्हा ते थांबलं. ‘बडोदे’ला मात्र ‘बडोद्याचा’ सापडेना. सामान्यरूपात शब्दच बदलतो. तिथे ‘बडोदे, बडोद्या, वडोदरा’ अशी समानार्थी यादी कामी आली. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, तोही कॅरेक्टर फिल्टरने, म्हणजे आधीच अक्षरं बदलून घेणाऱ्या गाळणीने, एकरूप केला.

पुन्हा इंडेक्स करताना रिफ्रेश (नवी भर शोधात दिसू लागण्याची क्रिया) बंद ठेवला आणि काम झाल्यावर एलियस, म्हणजे शोध ज्या टोपणनावाने इंडेक्स गाठतो ते, नव्या इंडेक्सकडे वळवला, त्यामुळे वाचनालय एक दिवसही अडलं नाही. आता उत्तर पाव सेकंदाच्या आत येतं.

एक गोष्ट गमावली. ‘संग्रह’ लिहून ‘काव्यसंग्रह’ सापडत नाही. असे जोडशब्द काका आता एका वहीत उतरवून ठेवतात, आणि दर शनिवारी ते मी यादीत भरतो.