कोरा कागद, लाल शाई आणि कुलूपबंद वही

उच्च माध्यमिकच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी आम्हां सर्वांना दोन वह्या करायला लावल्या होत्या. एकीवर ‘परीक्षा’ असे लिहायचे आणि दुसरीवर ‘पुढे काय’. दोन्ही वह्या एकाच वेळी बाकावर काढायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी वर्षभर काटेकोरपणे पाळायला लावला. तेव्हा आम्हांला तो नेहमीच्या शिस्तीचा एक भाग वाटला. आता मी स्वतः याच वयाच्या मुलामुलींची शैक्षणिक समुपदेशक आहे, आणि समोर येऊन बसणाऱ्या बहुतेकांची पहिली अडचण मला तीच दिसते, जी बाईंनी त्या दोन वह्यांनी सोडवली होती. धडा वाचताना मनात प्रवेशाची काळजी असते, प्रवेशाची माहितीपत्रके चाळताना अभ्यास बुडत असल्याची टोचणी असते, आणि दिवस संपतो तेव्हा दोन्हींपैकी एकही काम धड झालेले नसते.

पहिल्या वहीची गोष्ट आधी सांगते. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई फळ्यावर एका धड्याचे नाव लिहीत. तो धडा त्या आठवड्यातला कधीच नसे. किमान आठ दिवसांपूर्वी शिकवून झालेला असे. पुस्तके मिटायची, एक कोरा कागद घ्यायचा आणि पंधरा मिनिटांत जे जे आठवेल ते निळ्या शाईने लिहायचे. त्यानंतर पुस्तक उघडून राहून गेलेले आणि चुकलेले लाल शाईने भरायचे. कागदाला गुण नसत, तो वर्गात कोणाला दाखवायचाही नसे. तारीख घालून वहीत चिकटवायचा, एवढेच.

माझा पहिला कागद अजून माझ्याकडे आहे. धडा ‘रासायनिक समतोल’. मी तो चार वेळा वाचला होता, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या होत्या, आणि तो पूर्ण तयार असल्याची माझी खात्री होती. कागदावर निळ्या शाईच्या सात ओळी आहेत. ल शातेलिएचे तत्त्व नावासकट लिहिले आहे, पण उष्मादायी अभिक्रियेत तापमान वाढवल्यास समतोल कोणत्या बाजूला सरकतो, या वाक्याच्या मध्यावर पेन थांबले आहे. तिथून पुढे सगळा कागद लाल आहे आणि लाल शाई मागच्या बाजूलाही गेली आहे. तीन आठवड्यांनी बाईंनी तोच धडा पुन्हा फळ्यावर लिहिला तेव्हा माझ्या लाल ओळी दोन उरल्या होत्या. त्यांपैकी एक ओळ अशी होती की, उत्प्रेरक समतोलाचे स्थान बदलत नाही, फक्त तिथे लवकर पोहोचवतो. ती ओळ मी पुढे आयुष्यात विसरले नाही.

बाईंनी ही रीत कुठून घेतली हे आम्ही विचारले नाही. पुढे मानसशास्त्र शिकताना मला तिचे स्पष्टीकरण मिळाले. शिकलेली गोष्ट सुरुवातीला किती झपाट्याने विसरली जाते, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडले होते. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चारही सत्रांत केवळ वाचायला लावला, आणि दुसऱ्या गटाला एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याला हे चांगले लक्षात राहील, असा अधिक विश्वास मात्र वाचणाऱ्या गटालाच होता. परीक्षेच्या तोंडावर ‘सगळे झाले आहे, पण पेपरात आठवत नाही’ असे सांगणारे मूल खोटे बोलत नसते. वाचताना ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, अशी त्याची प्रामाणिक समजूत झालेली असते, आणि ती समजूत उपदेशाने दूर होत नाही. ती लाल शाईने दूर होते.

पालकांच्या सभेत बाईंनी आईबाबांना जे सांगितले तेही याच धोरणातले होते. ‘किती झाले?’ हा प्रश्न घरात विचारू नका, त्याला खरे उत्तर नसते. त्याऐवजी मुलाच्या हातातला लाल ओळींचा कागद घ्या आणि त्यातले तीन प्रश्न विचारा. माझ्या आईचे विज्ञानाचे शिक्षण झालेले नव्हते. ती कागदावरची ओळ तशीच वाचून दाखवी, मी उत्तर देई, आणि माझे उत्तर त्या ओळीशी जुळते की नाही एवढेच ती पाही. त्या वर्षी घरात अभ्यासावरून वाद झाला नाही, याचे श्रेय मी त्या कागदांना देते. आईला माझ्यासाठी करता येईल असे काहीतरी काम मिळाले होते, आणि केवळ काळजी करत बसण्यापेक्षा ते तिला पुष्कळ सोपे गेले.

झोपेच्या बाबतीत बाई कोणाचेही ऐकत नसत. जागरण करून आलेल्याला त्या ओरडत नसत, पण शुक्रवारचा कागद लिहून झाल्यावर आदल्या रात्रीच्या झोपेचे तास कागदाच्या कोपऱ्यात लिहायला लावत. चार-पाच आठवड्यांत ज्याचे त्याला दिसू लागले. १३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे, आणि झोपेत स्मरण टिकून राहते याचा पुरावा १९२४ पासूनचा आहे. आमच्यापुरता तो कोपऱ्यातला आकडा पुरेसा होता.

एका बाबतीत मात्र मला थोडे सावधपणे लिहायला हवे. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या दिवशी पेपरापूर्वी बाईंनी आम्हांला दहा मिनिटे भीतीविषयी लिहायला लावले आणि तो कागद फाडून टाकायला सांगितला. माझे हात तोपर्यंत गार पडले होते; लिहून झाल्यावर मी निदान प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचू शकले. परीक्षेआधी असे लिहिल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते, असा निष्कर्ष २०११ मध्ये शिकागोतील संशोधकांनी मांडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. परंतु २०१८ मध्ये इतर संशोधकांनी त्यातला प्रयोग पुन्हा करून पाहिला असता तोच परिणाम मिळाला नाही. म्हणून हा हमखास उपाय आहे असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत नाही. तरीही मी त्यांना लिहायला देते, फक्त फाडायला सांगत नाही. कारण ‘मला भीती वाटते’ एवढेच बोलू शकणारी मुलगी कागदावर ‘वेळ पुरणार नाही’ किंवा ‘बाबांचे कर्ज आहे’ असे लिहिते, आणि या दोन भीतींना लागणारी मदत अगदी वेगळी असते.

आता दुसऱ्या वहीकडे येते. ती फक्त शनिवारी उघडायची. डाव्या पानावर ‘मी’ आणि उजव्या पानावर ‘ते काम’ असे दोन मथळे असत. डावीकडे आपल्याला काय जमते, कशात वेळ कसा गेला हे कळत नाही आणि काय मुळीच सहन होत नाही, हे लिहायचे. उजवीकडे त्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कोणते विषय असतात, ते काम करणारा माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय करत असतो, खर्च किती, आणि मध्येच वाट बदलावीशी वाटली तर कुठे बदलता येते, हे लिहायचे. मंगळवारी सकाळी अकरा, असे बाई मुद्दाम म्हणत, कारण पदवीदानाचा दिवस सगळ्यांनाच डोळ्यांसमोर दिसतो. १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू करणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनीही हेच सांगितले होते: स्वतःला जाणा, कामाला जाणा, आणि मग दोहोंचा नीट विचार करून मेळ घाला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही या कामाचा पाया तोच आहे. त्यातला मधला भाग, कामाला जाणणे, आजही सर्वांत कच्चा राहतो. मुले स्वतःविषयीच्या चाचण्या हौसेने देतात, पण ज्या अभ्यासक्रमात तीन-चार वर्षे घालवायची त्याची विषयपत्रिका उघडून पाहत नाहीत.

पूर्वपरीक्षा संपली त्या दिवशी बाईंनी ‘पुढे काय’च्या सगळ्या वह्या गोळा केल्या, वर्गातल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. “शेवटचा पेपर झाला की न्यायला या. तोवर याची काळजी माझ्याकडे,” असे त्या म्हणाल्या. काळजी दुसऱ्या कोणाकडे ठेवायला देता येते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्या पाच आठवड्यांत घरी कोणी पुढच्या शिक्षणाचा विषय काढलाच, तर माझ्याकडे एक खरेखुरे उत्तर होते: वही बाईंकडे आहे.

शेवटच्या पेपरानंतर वही परत घेतली तेव्हा त्यांनी ती वाचलेली होती. कुठेही सल्ला नव्हता. मी जिथे ‘माझ्यासाठी हेच योग्य ठरेल’ असे लिहिले होते, तिथे समासात पेन्सिलने बारीक अक्षरात तीनच शब्द होते: ‘हे कोणाचे मत?’

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, आणि त्याची किंमत मोजली. मला मानसशास्त्र शिकायचे होते; वहीत ते डाव्या पानावर पुनःपुन्हा आले होते. पण घरच्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, मोठ्या आपुलकीने, पसंतीक्रमाच्या अर्जात पहिल्या ओळीवर ‘नक्की मिळेल’ असा अभ्यासक्रम टाकायला सांगितले. आवडीचा वर टाकला आणि हुकला तर खालचाही हातचा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांचे ऐकले आणि मला तो पहिल्या ओळीवरचा अभ्यासक्रम मिळाला. वर्षभराने मी तो सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या वर्षी मानसशास्त्राची शेवटची जागा माझ्यापेक्षा कमी गुणांवर बंद झाली होती, हे मला नंतर कळले.

त्या गृहस्थांचा समज आजही घराघरांत आढळतो, म्हणून इथे थोडे थांबते. जिथे गुणवत्ता यादीतील क्रमाने प्रत्येकाचा अर्ज वरून खाली वाचला जातो आणि मिळू शकणारी पहिली जागा दिली जाते, तिथे वरची पसंती हुकल्याने खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही. आमच्या वेळची पद्धत हीच होती. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाच्या प्रश्नावर जी रीत मांडली, तीत विद्यार्थी एकेका पसंतीकडे अर्ज करत जातात आणि नाकारले गेल्यास पुढच्या पसंतीकडे वळतात; अशा वेळी खऱ्या आवडीच्या क्रमानेच यादी भरणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. या विषयावरील पुढच्या कामासह शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सगळीकडे मात्र अशी पद्धत नसते. बॉस्टनच्या शाळाप्रवेशात २००५ पर्यंत ती शाळा पहिल्या पसंतीला लिहिणाऱ्यांनाच आधी जागा मिळे, आणि पहिली पसंती हुकलेल्याचे खरोखर नुकसान होई. पसंतींची संख्या मोजकीच ठेवली असेल, तिथेही शेवटच्या ओळी जपून भराव्या लागतात. म्हणून अर्ज भरण्याआधी नियमपत्रिका शेवटपर्यंत वाचून ‘यादी कशी वाचली जाते’ एवढे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहून आण, असे मी प्रत्येकाला सांगते. ते वाक्य लिहिता येईपर्यंत आम्ही अर्जाला हात लावत नाही.

अभ्यासक्रम सोडल्यावर मी बाईंना भेटायला शाळेत आले होते. त्या मला रागावतील, असे मनात धरून आले होते. त्यांनी विचारले, “वही आणली आहेस का?” मी ती पुढे केली. त्यांनी समासातल्या त्या तीन शब्दांवर बोट ठेवले, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि वर्गातल्या वह्या तपासायला निघून गेल्या. अर्ध्या तासाने त्या परत आल्या तेव्हा त्या ओळीखाली मी पहिल्यांदा खरे उत्तर लिहिलेले होते.

माझ्या खोलीतही आज एक कपाट आहे. हे लिहीत असताना त्यात सत्तावीस वह्या कुलपात आहेत, आणि मुलांचा शेवटचा पेपर व्हायला अजून नऊ दिवस आहेत. रोज संध्याकाळी मी दोन-तीन वह्या वाचते. हाताशी पेन्सिल असते, पेन मी मुद्दाम ठेवत नाही.